लोकांच्या ठेवीचे राखणदार : नाना शंकरशेट

आपल्या मंडळाची स्मरणिका निघायचे ठरले तेव्हा चिटणीसबाईंनी मला एखाद्या थोर व्यक्तीचे चरित्र लिहून द्या, असे सांगितले. मी सातवीपर्यंत शिकलेली. घरचा जमाखर्च आणि मुलांची पत्रके यांपलीकडे लेखणी हाती धरण्याचा प्रसंग मला थोडाच येतो. तरीपण मंडळाने सांगितलेले काम नाही म्हणू नये, म्हणून वाचनालयातली पुस्तके आणून वाचली आणि हे चार शब्द लिहीत आहे.

कोणाचे चरित्र लिहावे याचा विचार करताना माझ्यापुढे एक प्रश्न होता. वार्षिक सभा जवळ आली की आपल्याकडे दरवर्षी तोच प्रसंग येतो. विश्वस्त कोणी व्हायचे, खजिनदार कोणी व्हायचे, असे विचारले की सगळ्याजणी एकमेकींकडे पाहू लागतात. बँकेत, शाळेत, बारामतीच्या एमआयडीसीत नोकरी करणाऱ्या भगिनी म्हणतात, आम्हाला वेळ कुठला? घरी असणाऱ्या म्हणतात, आम्हाला कागदातले काय कळते? आणि ज्या होकार देतात त्यांच्यापैकी काहींना वाटते की विश्वस्तपणा म्हणजे वर्षातून दोन सह्या आणि हळदीकुंकवाला पुढची खुर्ची. म्हणून आपला मोठा व्यापार सांभाळून, पगार न घेता, जन्मभर लोकांच्या संस्था चालवणारा माणूस मी शोधला. तो माणूस म्हणजे मुंबईचे जगन्नाथ शंकरशेट ऊर्फ नाना. त्यांना जाऊन दीडशेवर वर्षे झाली, पण त्यांनी बसवलेली घडी अजून पुष्कळ ठिकाणी दिसते. आपल्या इंदापूर तालुक्यातही त्यांच्या कामाची एक खूण आहे. ती पुढे सांगेन.

नानांचा जन्म १८०३ साली झाला. घराणे ठाणे जिल्ह्यातील मुरबाडचे, दैवज्ञ ज्ञातीचे, मूळ आडनाव मुरकुटे. आजोबा बाबुलशेट मुंबईस आले आणि वडील शंकरशेट यांनी व्यापारात मोठी संपत्ती मिळवली. आईचे सुख नानांना फार दिवस लाभले नाही. वडिलांनी घरीच शिक्षक ठेवून त्यांना मराठी, संस्कृत व इंग्रजी शिकवले. त्या काळी मुंबईत आपल्या लोकांसाठी नीट शाळाच नव्हत्या. १८२२ साली वडीलही गेले. एकोणीस वर्षांच्या मुलाच्या अंगावर पेढी, घरदार, नोकरचाकर आणि वडिलांचे देवघेवीचे सारे व्यवहार येऊन पडले. या वयात हाती पैसा आला की मुले वाया जातात असे आपण गावोगाव पाहतो. नानांनी पेढी सांभाळली आणि वाढवली. त्यांच्या सचोटीची ख्याती अशी होती की लांबून येणारे अरब आणि अफगाण व्यापारीसुद्धा आपली ठेव त्यांच्याकडे निश्चिंतपणे ठेवीत, असे सांगतात. दुसऱ्याची ठेव जशीच्या तशी परत करणे हा गुण त्यांच्या अंगी पेढीवरच मुरला, आणि तोच पुढे सार्वजनिक कामात त्यांच्या उपयोगी पडला.

वडील गेले त्याच सुमारास मुंबईत एक नवी संस्था आकार घेत होती. गव्हर्नर माउंट स्टुअर्ट एल्फिन्स्टन यांच्या प्रोत्साहनाने, येथील मुलांसाठी देशी भाषांत शाळा काढणे व पुस्तके छापणे, हे काम तिने अंगावर घेतले होते. १८२७ साली तिला बॉम्बे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटी असे नाव मिळाले. नाना तरुणपणीच या संस्थेच्या कामात शिरले. आज आपल्या मुलांच्या दप्तरात डझनभर पुस्तके असतात, म्हणून त्या कामाची किंमत लक्षात येत नाही. तेव्हा मराठीत छापील शालेय पुस्तके फारशी नव्हती. मुले धुळाक्षरे गिरवीत आणि पंतोजी पाठ म्हणवून घेत. संस्थेचे चिटणीस सदाशिव काशिनाथ छत्रे यांनी मुलांसाठी लिहिलेले बाळमित्र १८२८ साली निघाले. पंडितांनी मिळून केलेला मराठीचा कोश १८२९ साली छापला गेला. पुढे बाळशास्त्री जांभेकरांसारखे विद्वान या संस्थेत कामाला आले. पुस्तके लिहिणाऱ्यांची नावे राहिली हे योग्यच झाले. पण पुस्तक लिहून झाले की ते छापायला पैसे लागतात, कागद लागतो, गाडीभाडे लागते, आणि या सगळ्याचा हिशेब ठेवावा लागतो. ते काम कमिटीत बसून करणारी माणसे मागे राहतात. नाना त्या माणसांपैकी होते.

१८२७ साली एल्फिन्स्टन मुंबई सोडून निघाले. लोकांनी त्यांच्या नावाने काही करावे असे ठरवले. एखादा पुतळा उभारून थांबता आले असते. परंतु वर्गणी जमवून तिच्या व्याजातून वरच्या दर्जाचे शिक्षण देणारे अध्यापक नेमावेत, असे ठरले. दोन लाखांवर रुपये जमले. हा निधी उभा करण्यात नाना पुढे होते. १८३५ साली अध्यापक विलायतेहून आले आणि त्यातूनच पुढे एल्फिन्स्टन कॉलेज उभे राहिले. आठ वर्षे मध्ये गेली. इतकी वर्षे लोकांचा पैसा सांभाळायचा, मुद्दल मोडायचे नाही, आणि ज्या कामासाठी घेतला त्याच कामाला लावायचा, हे सोपे नाही. आपण मंडळात एका मुलीच्या शिष्यवृत्तीसाठी पैसे जमवतो आणि सहा महिन्यांत कोणीतरी म्हणतेच की तेवढ्यातून सध्या मंडप उरकून घेऊ, नंतर भरू. विश्वस्ताने नाही म्हणायचे असते ते येथे. ज्या नावाने पैसा घेतला त्याच नावाने तो खर्च झाला पाहिजे. हा नियम मंडळाच्या घटनेत लिहिलेला असतो, पण पाळायचा असतो तो खजिनदारणीने.

१८४० साली सरकारने शिक्षणाचा कारभार पाहण्यासाठी एक बोर्ड नेमले. त्यात आपल्या लोकांपैकी तिघांना घेतले : फ्रामजी कावसजी, महंमद इब्राहिम मक्बा आणि नाना. एक पारशी, एक मुसलमान, एक हिंदू. पुढे १८५५ च्या सुमारास सरकारी शिक्षणखाते निघून बोर्ड संपले, तोपर्यंत नाना त्यात होते. पंधरा वर्षे! या काळात त्यांचा व्यापार चालू होता, रेल्वेची खटपट चालू होती, घरातली लग्नकार्ये होत होती, आणि तरी बोर्डाचे कामकाज त्यांनी सोडले नाही.

या बोर्डातील एक प्रसंग आपल्या मंडळाने विशेष लक्षात ठेवण्यासारखा आहे. बोर्डाचे अध्यक्ष सर अर्स्किन पेरी हे मुंबईच्या वरिष्ठ न्यायालयाचे न्यायाधीश होते. त्यांचे म्हणणे असे की पैसा थोडा आहे, तेव्हा तो इंग्रजीतून थोड्यांना उत्तम शिक्षण देण्यावर खर्च करावा. १८४७ साली नानांनी याविरुद्ध आपले मत लेखी मांडले. इंग्रजी त्यांना नको होती असे मुळीच नाही. ते स्वतः इंग्रजी शिकलेले होते आणि इंग्रजी शाळांना त्यांचा आधार होता. पण सर्वसाधारण लोकांच्या मुलांना ज्ञान द्यायचे तर ते त्यांच्या मायबोलीतूनच पोहोचेल, असे त्यांनी ठामपणे सांगितले. बाकीचे देशी सभासद आणि कर्नल जर्विस हे साहेब त्यांच्या बाजूस होते. बोर्डात सरळ दोन तट पडले आणि प्रश्न सरकारकडे गेला. सरकारने कोणा एका बाजूला पुरता कौल दिला नाही. पुढे १८५४ साली विलायतेहून जो शिक्षणाचा खलिता आला त्यात वरचे शिक्षण इंग्रजीत व लोकांचे प्राथमिक शिक्षण देशी भाषेत, असे धोरण ठरले.

विचार करा. समोर न्यायाधीश, राज्य त्यांचे, खुर्ची त्यांची. अशा माणसाशी मतभेद दाखवणे व्यापाऱ्याला परवडणारे नसते. नानांनी तो दाखवला, कागदावर दाखवला, आणि आपले म्हणणे पूर्ण मान्य झाले नाही म्हणून रुसून घरी बसले नाहीत. पुढच्या सभेला ते हजर होते आणि पुढची सात-आठ वर्षे काम करीत राहिले. आपल्याकडे याच्या उलट होते. सभेत तोंड उघडायचे नाही, बाहेर आल्यावर नळावर बोलायचे, आणि मनासारखे झाले नाही की मंडळ सोडायचे. विश्वस्ताने आपले वेगळे मत इतिवृत्तात लिहायला लावावे आणि ठराव झाल्यावर कामाला हातही लावावा. संस्थेचे नुकसान गप्प बसण्यानेही होते आणि सोडून जाण्यानेही होते.

आता आपल्या जिव्हाळ्याचा विषय. सतीची चाल बंद करण्याच्या कायद्याला ज्या हिंदू गृहस्थांनी पाठिंबा दिला त्यांत नाना होते. १८४८ साली पुण्यास भिडेवाड्यात जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा काढली, हे आपणा सर्वांना ठाऊक आहे. तिच्या पाठोपाठ १८४९ साली मुंबईत एल्फिन्स्टनमधल्या विद्यार्थ्यांच्या संस्थेने, म्हणजे स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटीने, मराठी व पारशी मुलींसाठी शाळा काढल्या. दादाभाई नवरोजी त्या मंडळींत होते. ही तरुण मुले सकाळी आपले कॉलेज सुरू होण्याआधी मुलींना फुकट शिकवीत. शिकवायला मास्तर मिळाले, पण शाळा भरवायची कुठे? मुलींना शिकवणे म्हणजे घर बुडवणे, असे समजण्याचा तो काळ. नानांनी गिरगावात आपल्या वाड्यात जागा दिली. ती शाळा पुढे त्यांच्या नावाने ओळखली जाऊ लागली.

पैसे देणे आणि आपल्या घरात जागा देणे यांत फार अंतर आहे, हे आपण बायका जास्त जाणतो. पैसे दिले की काम झाले, लोकांनी नावे ठेवली तर ती संस्थेला ठेवतील. घरात शाळा भरली की नावे घरालाच ठेवतात. नानांच्या वाड्यात रोज सकाळी परक्या घरच्या मुली पाटी घेऊन येऊ लागल्या, तेव्हा आळीतल्या लोकांना आणि ज्ञातीतल्या वडीलधाऱ्यांना तोंड द्यावे लागले असणार. घरातल्या बायकांनाही आपली रोजची रीत बदलावी लागली असणार. पाणी, स्वयंपाक, सोवळेओवळे सांभाळून त्यांनी ती मुलींची वर्दळ चालू दिली. मुंबईतल्या मुलींच्या शिक्षणाला त्या अनाम बायांचाही हातभार लागला, असे मी समजते. आपली बालवाडी सुरुवातीला ज्या भगिनीच्या ओसरीवर भरत होती, तिला या बोलण्याचा अर्थ न सांगता कळेल.

आता नानांच्या कंपन्यांच्या कामाकडे वळते. १८४५ च्या सुमारास मुंबईहून आगगाडी सुरू करावी असा विचार काही इंग्रज व देशी व्यापाऱ्यांनी केला. त्यांत सर जमशेटजी जीजीभाई आणि नाना हे आपल्यापैकी प्रमुख होते. यातूनच ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे, म्हणजे जुन्या माणसांच्या तोंडची जीआयपी, ही कंपनी निघाली. १८४९ साली तिला कायद्याने मान्यता मिळाली. सुरुवातीस कंपनीच्या कचेरीला नानांनी आपल्याच घरातली जागा दिली, असे सांगतात. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे अशी पहिली उतारूंची गाडी निघाली. तीन इंजिने, चौदा डबे, चारशे पाहुणे, आणि निघताना एकवीस तोफांची सलामी. त्या पाहुण्यांत नानाही होते.

ही कंपनी काही धर्मादाय नव्हती. भागीदारांना शेकडा पाच टक्के व्याज मिळण्याची हमी ईस्ट इंडिया कंपनीच्या सरकारने घेतली होती, आणि तूट आली तर ती आपल्याच लोकांच्या करातून भरली जाई. घाटातले बोगदे खोदताना हजारो मजूर रोगराईने व अपघाताने मेले. या गोष्टी झाकून नानांचा मोठेपणा सांगणे बरोबर होणार नाही. पण एक गोष्ट मला दिसते. ज्या माणसाला कंपनीच्या सभेत आकड्यांची, करारांची, हमीची भाषा समजत होती, त्याच माणसाला शिक्षणाच्या बोर्डात साहेबाने पुढे केलेला आकडाही समजत होता. धंद्यातले शहाणपण त्यांनी धंद्यापुरते ठेवले नाही. म्हणून मी आपल्या नोकरी करणाऱ्या भगिनींना सांगते की तुम्ही कचेरीत जे शिकता, कीर्द कशी लिहायची, पावती कशी फाडायची, संगणकावर हिशेब कसा ठेवायचा, त्याची मंडळाला गरज आहे. तुमच्या वेळातला आठवड्याचा एक तास आमच्या चार दिवसांच्या धावपळीइतका उपयोगी पडेल.

आता ती आपल्या भागातली खूण. याच जीआयपी कंपनीची गाडी १८५८ साली पुण्याहून आपल्या इंदापूर तालुक्यातील डिकसळपर्यंत आली. त्या वेळी बोरघाटातला मार्ग तयार नव्हता. तो १८६३ साली सुरू झाला. म्हणजे मुंबईस जाणाऱ्या माणसाला घाट पालखीतून नाहीतर पायी उतरून पुन्हा गाडी धरावी लागे. १८६० साली गाडी सोलापूरला पोहोचली. दौंडहून बारामतीला येणारी लहान रुळांची गाडी मात्र नानांनंतर पुष्कळ वर्षांनी, १९१४ साली सुरू झाली. आज ते रूळ मोठे झाले आहेत. उजनीचे पाणी आल्यावर भिगवणकडचा जुना मार्ग बदलला, तरी डिकसळचा जुना पूल आपल्यापैकी पुष्कळजणींनी पाहिलेला आहे. भिगवणला गाडीत बसताना मुंबईतल्या त्या पहिल्या मंडळींची कोणाला आठवण येत नाही. यायला हवी असेही नाही. काम टिकले की करणाऱ्याचे नाव विसरले जाते, आणि काम बुडाले की मात्र नाव निघते!

नानांनी आणखी किती कामे अंगावर घेतली ती सगळी येथे सांगायची तर स्मरणिकेची पाने पुरणार नाहीत. थोडी सांगते. २६ ऑगस्ट १८५२ रोजी मुंबईत बॉम्बे असोसिएशन स्थापन झाली. आपल्या प्रांतातली ही पहिली राजकीय संस्था. लोकांची गाऱ्हाणी विलायतेच्या पार्लमेंटापुढे अर्जाने मांडणे हे तिचे काम होते, आणि नाना तिचे अध्यक्ष होते. काँग्रेस स्थापन होण्याच्या तेहतीस वर्षे आधीची ही गोष्ट. सोनापूरची हिंदूंची स्मशानभूमी हलवून दूर शिवडीस न्यावी असे सरकारच्या मनात आले, तेव्हा गोरगरिबांनी प्रेत इतक्या लांब कसे न्यावे, म्हणून त्यांनी खटपट करून ती जागेवर ठेवली. ग्रँट रोडवरच्या नाटकगृहाला त्यांनी जागा दिली. त्याच नाटकगृहात विष्णुदास भाव्यांच्या मंडळीने १८५३ साली मराठी नाटके केली. भायखळ्याची बाग, जिला आपण राणीची बाग म्हणत आलो आणि जी आता जिजामाता उद्यान आहे, ती आणि तिच्यातले वस्तुसंग्रहालय उभे करण्याच्या खटपटीत डॉ. भाऊ दाजी, डॉ. बर्डवुड यांच्याबरोबर नाना होते. संग्रहालय लोकांना खुले झाले ते १८७२ साली. पाहायला नाना राहिले नव्हते.

१८५७ साली उत्तरेत बंड उठले तेव्हा नानांवरही सरकारचा संशय गेला. ज्यांच्या सभांत पंचवीस-तीस वर्षे बसून काम केले, त्यांनीच नजर ठेवावी, हा केवढा मनस्ताप! चौकशीत काही निघाले नाही आणि ते निर्दोष ठरले. सार्वजनिक काम करणाऱ्यावर कधी ना कधी संशय येतोच. त्या वेळी उपयोगी पडते ती आपली चोख वागणूक आणि चोख कागदपत्रे. पुढे १८६२ साली मुंबईच्या कायदेमंडळात जे पहिले देशी सभासद नेमले गेले, त्यांत नानांना घेणे सरकारला भाग पडले.

त्यांची शेवटची वर्षे मुंबईच्या मोठ्या भरतीओहोटीची होती. अमेरिकेत यादवी युद्ध पेटल्यामुळे तिकडचा कापूस विलायतेस जाईनासा झाला आणि आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईत जो तो शेअर घेऊ लागला. १८६५ साली युद्ध संपले, भाव कोसळले, आणि जुलै महिन्यात पेढ्यांमागून पेढ्या बुडाल्या. विधवांच्या, नोकरदारांच्या ठेवी गेल्या. त्याच महिन्याच्या ३१ तारखेस, वयाच्या ६२ व्या वर्षी, नानांचे देहावसान झाले. विश्वास म्हणजे काय आणि तो गेला की काय होते, हे मुंबई उघड्या डोळ्यांनी पाहत असतानाच विश्वासाचा हा माणूस गेला.

मुंबईच्या टाउन हॉलमध्ये त्यांचा संगमरवरी पुतळा आहे, आणि ग्रँट रोडजवळचा नाना चौक त्यांच्याच नावाचा. पण मला सर्वांत गोड वाटते ते त्यांच्या नावाची संस्कृतची शिष्यवृत्ती. मॅट्रिकला संस्कृतमध्ये पहिल्या येणाऱ्या विद्यार्थ्याला ती मिळे. १९१२ साली ती कोकणातल्या चिंतामण देशमुख नावाच्या मुलाने मिळवली. हेच पुढे रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि देशाचे अर्थमंत्री झाले. नानांच्या मृत्यूनंतर सत्तेचाळीस वर्षांनी त्यांच्या नावाचा पैसा एका हुशार मुलाच्या हाती बिनचूक पोहोचला. मधल्या सगळ्या वर्षांत कोणीतरी ते मुद्दल राखले, व्याज मोजले, अर्ज तपासले. त्यांची नावे आपल्याला ठाऊक नाहीत. विश्वस्त असेच असतात.

भगिनींनो, नाना श्रीमंत होते. त्यांच्याकडे गुमास्ते होते, घोडागाडी होती, घरी आल्यावर ताट वाढून तयार असे. आपल्यापैकी कोणी कचेरीतून येऊन कणीक मळते, कोणी गोठा आवरून सभेला येते. त्यामुळे नानांनी इतके केले मग तुम्ही का करत नाही, असे विचारणे न्यायाचे होणार नाही. पण त्यांनी संस्थेला जे दिले त्यातल्या बऱ्याच गोष्टींना श्रीमंती लागत नाही. सभेला वेळेवर जायला लागत नाही. दुसऱ्याचा पैसा आपल्या पैशात न मिसळायला लागत नाही. मोठ्या माणसासमोर आपले मत सांगायला लागत नाही. आणि मत हरले तरी काम न सोडायलाही लागत नाही.

आपले मंडळ १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली नोंदलेले आहे. दरवर्षी हिशेब तपासून घ्यावे लागतात आणि ते धर्मादाय आयुक्तांच्या कचेरीत द्यावे लागतात. ज्या सात भगिनींची नावे विश्वस्त म्हणून तेथे लिहिलेली असतात त्या कायद्याने जबाबदार असतात. ही भीती घालण्यासाठी सांगत नाही. उलट, आपल्यासारख्या सातवी-दहावी शिकलेल्या बायकांवर गावाने आणि सरकारने एवढा विश्वास ठेवला आहे, याचा मला अभिमान वाटतो. शेंगदाणे निवडून, पापड लाटून, भिशीतून वाचवून बायकांनी दिलेले ते पैसे आहेत. त्या पैशावर शिवणयंत्रे आली, बालवाडी चालते, आणि दरवर्षी एका मुलीची कॉलेजची फी भरली जाते. ती मुलगी कोण असेल हे आज आपल्याला माहीत नाही. कदाचित ती अजून जन्मलीही नसेल. तिच्या वाट्याचे पैसे तोपर्यंत कोणीतरी राखले पाहिजेत.

तेव्हा येत्या सभेत खजिनदारपदासाठी नाव विचारतील तेव्हा खाली पाहू नका. नोकरीवाल्या एकीने आणि घरी असणाऱ्या एकीने मिळून ते काम घ्यावे, अशी माझी सूचना आहे. एकीला हिशेब येतो, दुसरीला घरोघरची माणसे ठाऊक असतात. दोघी मिळून एक पुरा विश्वस्त होतो.